आईच्या जीपचा हातक्लच

प्रिय खारूताई,

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मी मध्येच गप्प बसतो, आणि आपलं बोलणं तब्येत आणि हवापाणी यांच्यापुढे सरकत नाही. म्हणून कागद घेतला. ओळी जरा वर-खाली जातील, सांभाळून घे.

बातमी पहिल्यांदा देतो. जीप सुरू झाली. नुसती सुरू झाली असं नाही, चालते. चढ चढते, चिखलातून निघते, आणि थांब म्हटलं की थांबतेसुद्धा, जे तिनं तरुणपणीही कधी धड केलं नव्हतं. जीप विकून टाकायला तू जुन्या गाड्या जमवणाऱ्या त्या गृहस्थांचा नंबर पाठवला होतास, तो मी फ्रिजवर चिकटवला होता. तुझ्या आईनं तो काढून त्याच्या मागे गायीच्या औषधाचं प्रमाण लिहून कुणाला तरी देऊन टाकला. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

ही गाडी तुला कधीच आवडली नाही, हे मला ठाऊक आहे. मी आणि तुझ्या आईनं ती लिलावातून आणली, तेव्हा तू जन्मायची होतीस. ती नवीनच गुरांची डॉक्टर झालेली, मी घराला लागून असलेल्या खोलीत लेथ टाकून बसलेला. तिला डोंगरातल्या वस्त्यांवर जायचं असे आणि तिथे रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. म्हणून चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. सोळा वर्षं तिनं ती हाणली. शाळेच्या नाटकात तू झाड झाली होतीस त्या दिवशी ती पडदा पडल्यावर पोहोचली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी तुला म्हणालो, "गाय अडली होती गं." तू पानं उतरवत म्हणालीस, "गायीला कळतं का, आज नाटक आहे ते?" पुढे एकदा ओढ्यात गाडीचा मागचा आस तुटला आणि ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली, ती बसलीच. आई स्कूटरवर आली. तू हायसं वाटल्यासारखी दिसलीस, असं मला आठवतं. चूक असेल तर चूक म्हण.

मग दोन वर्षांपूर्वी त्या बैलानं लाथ मारून तिचा गुडघा फोडला. तुला माहीत आहे ते पुन्हा सांगत बसत नाही. तू आलीस, तिच्या उशाशी महिनाभर राहिलीस, डॉक्टरांशी भांडलीस, सगळं केलंस. पण तू गेल्यानंतरचं तुला कुणी सांगितलेलं नाही. डावा गुडघा सळ्या घालून जोडला, तो कायमचा सरळ राहिला. वाकणार नाही म्हणजे स्कूटर नाही. लोक फोनवर गुरांचे फोटो पाठवायचे, कासेचे, खुरांचे, शेणाचे. ती फोटो मोठा करून बघायची आणि म्हणायची, "हात लावल्याशिवाय काय सांगू?" हळूहळू फोटो यायचे थांबले. ती खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागली. मी काही बोललो की "हं" म्हणायची. सबंध आयुष्य जिचं बोलणं थांबवता आलं नाही, ती बाई "हं" वर आली म्हटल्यावर मी घाबरलो. एका सकाळी उठून मी शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली, ते खरं म्हणजे तिनं निदान ओरडावं म्हणून.

ती ओरडलीच. "अहो, आता हे काय नवीन? उंदीर आहेत त्यात!" उंदीर होतेच. सीटच्या काथ्यात त्यांनी संसार थाटला होता. तळाचा पत्रा इतका गंजलेला, की पाय ठेवला तर आरपार जमिनीवर. मी बॉडी वेगळी केली, इंजिन उतरवलं, गिअरपेटी उतरवली, खाली नुसता सांगाडा ठेवला. त्याच्यावरचा गंज घासायलाच दोन महिने गेले. चौकातला वेल्डर, ज्याला सगळे ठिणगीशेठ म्हणतात, तो रोज संध्याकाळी यायचा. पाहिलंस तर तुला आठवेल, भुवया नाहीत त्याला. नवा तळ त्यानंच घातला. आई सुरुवातीला खिडकीतून बघायची, मग दारातून, मग एक दिवस काठी टेकत शेडमध्ये आली, खुर्ची मागवली आणि रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धुवायला बसली. धुतलेले बोल्ट ती ऑपरेशनच्या हत्यारांसारखे फडक्यावर मांडायची. एखादा कमी भरला की आम्हां दोघांना उभं करून झडती घ्यायची. तेव्हाच मला वाटलं, गाडी चालो न चालो, आपलं काम झालं.

आणखी एक सोय झाली. मापाचा आकडा मी तिला वाचायला सांगायला लागलो. आटे बसतात की नाही ते बोटानंच बघायचो. ती एकदा म्हणाली, "चष्मा बदला की." मी म्हटलं, बदलतो.

खरी गोम क्लचची होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाचे, त्यांची तिला काही अडचण नाही. पण क्लच डाव्या पायानं दाबायचा आणि डावा पाय म्हणजे काठीच. मी आधी मोटारसायकलसारखी मूठ गिअरच्या दांड्यावर बसवली आणि जाड केबलनं क्लचला जोडली. तिनं दोन्ही हातांनी दाबून पाहिली, हलेना. ठिणगीशेठ म्हणाला, "बाई, तुम्ही अडलेलं वासरू ओढता, आणि हे होत नाही?" ती म्हणाली, "वासराला बाहेर यायचं असतं. ह्याला नाही यायचं." चार दिवस मी डोकं खाजवत बसलो. पाचव्या दिवशी चहा पिताना तीच म्हणाली, "इंजिन हवा आत ओढतं ना? मग ती ओढ वापरा. दूध काढायचं यंत्र त्याच ओढीवर चालतं. सडाला जे ओढतं ते क्लचला का नाही ओढणार?" मी कप खाली ठेवला. बेचाळीस वर्षं लेथवर काढली मी, आणि हे मला गोठ्यातून कळलं.

मग भंगारातून एका ट्रकच्या ब्रेकचा डबा आणला, तबल्याएवढा, आत रबरी पडदा. त्याची एक बाजू इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडली. नळी मात्र खरोखरच दूध काढायच्या यंत्राची आहे, आईच्या कपाटातली. गिअरच्या दांड्यावर एक छोटा चाप. चाप दाबला की डबा क्लच ओढून धरतो, सोडला की क्लच सुटतो. पण सुटायचा तो एकदम, आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. डब्यात हवा हळूहळू परत शिरावी म्हणून मी लेथवर तिच्या भोकात बसणारी एक सुई कातली, टोकाला निमुळती होत गेलेली. तशा अकरा सुया कातल्या. अकरावी बसली. त्याशिवाय तिची सीट मागे सरकेल अशी रुळावर बसवली, दारापाशी रुंद पायरी केली आणि वर धरायला एक कडी. आधी बूड टेकवायचं, मग ताठ पाय उचलून आत घ्यायचा. रंग तिनं निवडला. मी हिरवा म्हणत होतो. ती म्हणाली, हिरव्याला जनावरं चरायला येतील. म्हणून राखाडी आहे.

गाडी शेडबाहेर काढायचा दिवस आला. सकाळी दहाचं स्वच्छ ऊन होतं. ठिणगीशेठनं किल्ली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "तूच मार पहिली फेरी, मी बाहेरून आवाज ऐकतो." तो बिचारा इतका खूश झाला, की त्यानं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, हॉर्न वाजवत. मी टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ठिणगीशेठ घरी गेल्यावर तिनं मला पायरीवर बसवलं. "दीड वर्ष खपलात ह्या गाडीवर," ती म्हणाली, "आणि पहिली फेरी दुसऱ्याला दिलीत? समोर बघा. सरळ समोर बघत राहा." मी बघत राहिलो. थोड्या वेळानं विचारलं, "काय करतेस?" ती म्हणाली, "आंधळं होत चाललेल्या घोड्याला तपासतात तसं तपासतेय. बाजूनं हात डोळ्याजवळ आणला की पापणी लवते. चार वेळा आणला. तुमची लवली नाही." मग ती माझ्याशेजारी बसली, पाय लांब करून. "किती दिवस झाले?"

तीन वर्षं झाली, खारूताई. काचबिंदू म्हणतात त्याला. बैलाच्या आधीपासून. बाजूचं दिसणं कडेकडेनं मिटत येतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून आपली लहान गाडी मी विकली. तुम्हां दोघींना सांगितलं की वापर नाही. आधी म्हटलं, सवडीनं सांगू. मग आईचा गुडघा गेला, आणि त्या घरात दुसरं दुखणं कुठे ठेवणार? थेंब घालत होतो, चुकवत नव्हतो, एवढंच काय ते माझ्या बाजूनं. आई रडली नाही. अर्धा तास चांगली बोलली मात्र. मी काय आहे ते तिनं मला सविस्तर सांगितलं, आणि त्यातली दोन विशेषणं तर मी पहिल्यांदाच ऐकली. शेवटी म्हणाली, "पायाचं माझं गेलं, डोळ्याचं तुमचं. अजून तीन पाय आणि चार कान आहेत. किल्ली द्या."

पुढचे दोन महिने ती मागच्या माळावर गाडी शिकली, पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारी बसायचो आणि इंजिनच्या आवाजावरून सांगायचो, आता सोड, आता धर. भांडणंही भरपूर झाली, ती इथे लिहीत नाही. गेल्या मंगळवारी ह्या बदललेल्या गाडीवर नव्यानं परवान्याची परीक्षा झाली. तपासनीस तरुण होता, गंभीर चेहऱ्याचा. त्यानं ती नळी बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?" आई म्हणाली, "दूध काढायच्या यंत्राची नळी." तो म्हणाला, "बाई, मी गाडीबद्दल विचारतोय." ती म्हणाली, "मीही." मग तिनं त्याला चढावर नेलं, मधोमध गाडी थांबवली आणि एक इंचही मागे न घसरू देता पुढे काढली. खाली उतरल्यावर तो वाकून त्या डब्याकडे बराच वेळ बघत होता. "कुणी बनवलं?" आईनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्यांनी. पण डोकं माझं." पास झाली. परवा दोन वस्त्यांवर जाऊन आली, मीही बरोबर होतो. एका म्हशीच्या पोटात हात घालून ती कुणावर तरी ओरडत होती, आणि मी गाडीला टेकून ते ऐकत होतो. मला फार बरं वाटलं.

आता हे पत्र कशासाठी, ते. महिनाअखेरीला तू ट्रक घेऊन येणार आहेस आणि आम्हांला तुझ्याकडे नेणार आहेस. तो ट्रक रद्द कर. तुझ्या घरात आम्हांला जागा आहे हे आम्ही जाणतो, पण आत्ता नको. लागेल तेव्हा मी स्वतः मागीन, ह्यापुढे लपवणार नाही. तुला वाईट वाटेल, पण एवढ्यासाठी मी चार पानं लिहिली नसती, एवढं तर आईनंही फोनवर सांगितलं असतं. परीक्षेहून परत येताना तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं, "हे रक्तातून येतं, माहीत आहे ना तुम्हांला?" माहीत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुलं असतील तर त्यांना चाळिशीच्या आत तपासून घ्यायला सांगा. तू तेव्हा अडतीस वर्षांची होतीस. मी माझं लपवायच्या नादात तुझी तीन वर्षं घालवली, खारूताई. तुला कळू नये म्हणून नाही, मला कुणी म्हातारा म्हणू नये म्हणून. ह्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. आई म्हणाली, "तुम्ही लिहिता की मी सांगू?" म्हणून लिहितोय. ह्याच आठवड्यात डोळे तपासून घे. आतला दाब मोजतात, कडेचं किती दिसतं ते बघतात, अजिबात दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. लवकर सापडलं तर थेंबांवर थांबवता येतं. माझं उशिरा सापडलं, एवढाच फरक. ऑफिसचं काम, पोरांची शाळा, काहीही मध्ये आणू नकोस. आणि जे काही निघेल ते त्याच दिवशी मला कळव. ह्या वेळी फोनच कर. मी मध्ये गप्प बसणार नाही.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा