मी न विणलेली टोपली

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांशी, मधलं अंतर वजा करून, वाकून नमस्कार.

(शाळेतल्या पत्रलेखनातलं एवढंच आठवतं. यापुढे 'आपण' नाहीतर 'तुम्ही' लिहायचं असतं, पण तुला 'तुम्ही' म्हटलं की मी बँकेला अर्ज करतोय असं वाटतं. तेव्हा इथून पुढे 'तू'.) गुडघा कसा आहे? कोणता दुखतो ते विसरलो, म्हणून दोन्हींची चौकशी केली असं धर. मांजर घरी आलं का? परसातल्या खोलीचं गळकं छप्पर दुरुस्त झालं का? इकडे ताई आणि भावोजी मजेत आहेत. मीही मजेत आहे, फक्त सात बोटांना पट्ट्या आहेत, त्यांचं कारण ओघात येईल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकूनच घ्यावं लागतं.

मी ताईकडे चार दिवसांसाठी आलो होतो त्याला आता सहावा आठवडा लागला. भावोजी काही बोलत नाहीत, नुसते रोज सकाळी माझ्या पिशवीकडे बघतात. गेल्या शनिवारी ताईने मला कांदे आणायला पाठवलं. बाजाराच्या पिशवीचा बंद तुटला होता, म्हणून मी कपाटावरची टोपली घेतली, तू स्वतः विणून तिच्या लग्नात दिलेली ती. (ती जोड हरवलेले मोजे तिच्यात ठेवते. रागावू नकोस, चौदा मोजे आहेत, म्हणजे टोपली भरपूर वापरात आहे.) कांद्यांचं दुकान डावीकडे होतं, पण उजवीकडे वाचनालयाच्या मागे, जिथे एरवी गाड्या उभ्या असतात, तिथे टेबलांच्या रांगा लागलेल्या दिसल्या, आणि माझे पाय तुला ठाऊकच आहेत.

आत्या, तो बाजार तू बघायला हवास. दर शनिवारी सकाळी भरतो आणि नियम एकच: जे स्वतः पिकवलं किंवा स्वतःच्या हातांनी बनवलं तेवढंच मांडायचं. दुसऱ्याकडून आणून विकलं की टेबल गेलं. त्यामुळे प्रत्येक टेबलामागे ज्याने ती वस्तू केली तोच माणूस उभा, आणि त्याला काय वाटेल ते विचारता येतं! एकाकडे जांभळी गाजरं होती. मी विचारलं, उकडल्यावर रंग जातो का? तो म्हणाला, पाण्यात जातो, मग पाणी जांभळं. मग मी विचारलं, त्या पाण्याचं काय करता? तर त्याने बायकोला हाक मारली आणि दोघांचं त्यावरून तिथेच जुंपलं. एक बाई टोमॅटोचे अकरा प्रकार घेऊन बसली होती आणि प्रत्येकाचा स्वभाव सांगत होती (हा भांडखोर, सालीला तडकतो, ही शहाणी, आठवडाभर टिकते). एक माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि न्हाणीघरात अळंबी पिकवतो. घरची माणसं अंघोळीला कुठे जातात असं मी विचारलं, तर म्हणाला, शेजारी भले आहेत.

आता इथे माझी एक सवय तुला सांगायला हवी, कारण घोटाळा तिथूनच झाला. मला लोकांचं बोलणं ऐकायला आवडतं, आणि माझा असा अनुभव आहे की आपण 'नाही' म्हटलं की माणूस बोलणं आवरतं घेतो, 'हो' म्हटलं की खुलतो. अळंबीवाल्याने विचारलं, तुम्हीही लावता का घरी? मी म्हणालो, हो. मग त्याने ओल किती ठेवायची, भुसा कसा वाफवायचा, सगळं सांगितलं, अर्धा तास. मधवाल्याने विचारलं, पेट्या आहेत का तुमच्याकडे? मी म्हणालो, दोन. (एक म्हटलं तर नवशिका समजतात.) त्याने मला राणीमाशी कशी ओळखायची ते शिकवलं. हे खोटं बोलणं नव्हे, आत्या. ही शिकण्याची पद्धत आहे. निदान साडेदहा वाजेपर्यंत तरी होती.

साडेदहाला साबणवाली ओरडली, "अहो, ती टोपली बघू!" आणि माझ्या हातातून घेतलीच. मग मेणबत्तीवाली आली, कुंभार आला. मग आल्या फळीबाई. या बाजाराच्या चालक. यांच्या हातात कायम चिमट्याची फळी असते, तिच्यावर कागद, आणि त्या माणसाकडे बघतात तेव्हासुद्धा यादीतलं एखादं नाव खोडतायत असं वाटतं. त्यांनी टोपली उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "कोणी विणली? तुम्ही?"

मी म्हणालो, हो.

आत्या, मला नुसतं त्या पुढे काय बोलतात ते ऐकायचं होतं! पण त्या पुढे काही बोलल्याच नाहीत, लिहायला लागल्या. आणि मला हाताला धरून कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेल्या. तिथे एक टोपलीवाले आजोबा बसलेले. तीस वर्षं त्याच कोपऱ्यात, समोर लोकांच्या देखत विणत. आता नजर गेलीये. वेताची काडी कुठून वर आली आणि कुठून खाली गेली ते दिसत नाही, म्हणून गेले दोन महिने नुसते बसून असतात. नियमाप्रमाणे टेबल रिकामं झालं पाहिजे. शेजारची मेणबत्तीवाली आपलं टेबल लांब करायला टपून आहे (तिचंही बरोबर आहे, तिच्या मेणबत्त्या उन्हात एकमेकींना चिकटतात). फळीबाई आजोबांना म्हणाल्या, "हे विणतात. यांना चालवू द्या तुमचा कोपरा, म्हणजे तुम्हालाही बसता येईल." आजोबांनी माझी, म्हणजे तुझी, टोपली मांडीवर घेतली. बराच वेळ चाचपली. मग म्हणाले, "चालेल. माझा शब्द धरा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, मला विकायचं काही नाही. शनिवारी बसायला जागा पाहिजे. बाकी सहा दिवस मी भिंतीशीच बोलतो."

आता तूच सांग, इथे 'नाही' कसं म्हणायचं? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण तेवढ्यात फळीबाईंनी निकाल दिला: येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, सकाळी दहा ते बाजार उठेपर्यंत, तळापासून मुठीपर्यंत एक टोपली सगळ्यांसमोर विणायची. झाली तर कोपरा आमचा. नाही झाली तर मेणबत्त्यांचा, आणि आजोबांची खुर्ची त्याच दिवशी उचलायची.

मी घरी आलो तेव्हा माझ्याकडे वेताची जुडी होती (आजोबांनी दिली) आणि कांदे नव्हते. ताई काय बोलली ते लिहीत नाही. वेत भिजवायचा असतो एवढं मला तुझ्याकडचं आठवत होतं, म्हणून तो मी न्हाणीघरात टबात घातला. सकाळी भावोजी चष्म्याशिवाय अंघोळीला गेले आणि जेवढ्या वेगाने गेले त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आले. त्यांना ते साप वाटले. तीन दिवस मी विणतोय (सात पट्ट्या त्याच्याच). पहिला तळ झाला तो जमिनीवर बसेना, भोवऱ्यासारखा फिरायचा. दुसऱ्याला बाजू उभ्या केल्या तर त्या रात्रीतून आडव्या झाल्या. तिसरं जे झालं ते बघून ताई म्हणाली, "ही टोपी कोणाची?" आणि भावोजी म्हणाले, "टोपी कसली, घरटं आहे. पण पक्ष्याने मधेच विचार बदलला." (सहा आठवड्यांत ते माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.)

तर आत्या, तुला काहीही त्रास द्यायचा नाही. एवढंच कर: टोपली कशी विणायची ते एका कागदावर, सोप्या भाषेत, उलट टपाली लिहून पाठव. आकृत्या काढल्यास उत्तम. तुझ्या हाताला सवय आहे, तासाभराचं काम. मी दोन दिवसांत शिकेन.

गुडघ्याची काळजी घे. मांजराला गोंजार.

तुझा आज्ञाधारक (होऊ पाहणारा) भाचा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आजोबांकडे जाऊन आलो. खरं सांगून टाकावं म्हणून गेलो होतो. माझं तिसरं घरटंही दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, परत दिलं आणि म्हणाले, "बस. मला पहिल्या दिवशीच कळलं. विणणारी डावखुरी आहे, सगळी वीण उलट्या अंगाने फिरलीये. तू माझ्याशी हात मिळवलास तो उजवा, आणि त्यावर एक घट्टा नाही." मी विचारलं, मग शब्द का दिलात? तर म्हणाले, ज्या घरात ही टोपली आहे त्या घरापासून विणणारी किती लांब असणार! तुझ्या टोपलीच्या एका बाजूला, मधोमध, दोन ओळी सैल आहेत म्हणे. मला डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यांना बोटांनी दिसतात. म्हणाले, इतका सफाईदार हात इथेच का थांबला ते तिला विचारायचंय. मी सांगितलं नाही, पण मला वाटतं मला माहीत आहे. ताईच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी घरातून पळालो होतो आणि तू हातातलं काम टाकून मला स्टँडवरून परत आणलं होतंस. तेव्हा आत्या, कागद-आकृत्या राहू देत. तू ये. पत्र बुधवारी मिळेल, पुढच्या आठवड्यातली शुक्रवारची गाडी पकड, चाकू आण. तू हत्यारं फडक्यात बांधून माळ्यावर टाकलीस, आता कोणाला लागतात टोपल्या म्हणालीस, हे ताईने सांगितलंय. इथे एका माणसाला लागते. गुडघ्यासाठी मी गाडीशी उभा राहीन. या वेळी जागेवरून हलणार नाही.

ता. क. २. एक किरकोळ गोष्ट राहिली. विणायला तू बसणार हे फळीबाईंना आधी सांगणं भाग होतं, आणि माझं 'हो' तर त्यांच्या फळीवर लिहिलेलं. म्हणून आजोबांना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि असं सांगितलंय की तू माझी शिष्या आहेस. वयाने मोठी आहे, उशिरा सुरुवात केली, पण कष्टाळू आहे आणि मी तिच्याकडून पुष्कळ आशा बाळगून आहे, असं म्हणालो. आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. फळीबाईंनी मात्र लिहून घेतलं: 'शिष्या विणेल, गुरू शेजारी उभे राहून चुका सांगतील.' तेव्हा बाजार उठेपर्यंत, आत्या, लोकांच्या देखत माझा कान तेवढा पिरगाळू नकोस. घरी आल्यावर दोन्ही तुझेच.