एका ओळीत बदललेलं राज्य

१२ फेब्रुवारी २००१
रायपूर राजधानी झालं म्हणे. पाट्या रंगवून राजधानी होत असेल तर ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या पेंटरला सचिव करा.
ऑफिसच्या संगणकातल्या चारशे फायलींत ‘मध्यप्रदेश’ खोडून ‘छत्तीसगड’ करायचं आहे. हेडक्लार्क अंजनाबाई एकेक फाइल उघडून, वाचून बदलतात. वाचून! दिवसाला नऊ. अख्ख्या ऑफिसात युनिक्स येणारा मी एकटा. गाढवापुढे वाचली गीता.

१३ फेब्रुवारी
पसंतीचे फॉर्म आले. इथं राहायचं की मध्यप्रदेशात जायचं. मला भोपाळच. निवेदिताच्या बाबांची अट आहे, पोस्टिंग भोपाळला असेल तरच साखरपुडा.
बाकीच्यांनी कागद भरले, बाईंनी ते संगणकातल्या यादीत उतरवून फडक्यात बांधले. मी कागद भरला नाही. यादीच्या फाइलीत थेट टाइप केलं: नीलकंठ, मध्यप्रदेश. एकविसाव्या शतकात कागद?

१५ फेब्रुवारी, स. ११.१०
युनिक्सची ‘सेड’ कमांड चालवली. एक ओळ लिहायची, सगळ्या फायलींतला शब्द बदलतो. चार सेकंद! बाई म्हणाल्या होत्या, आधी नक्कल तं काढून ठेव भाऊ. नक्कल भित्रे काढतात.
साहेबांना सांगितलं, मशीन चुकत नाही. ते ‘वा’ म्हणाले नाहीत. समजलं नसावं.

१९ फेब्रुवारी
एक पत्र ‘छत्तीसगड शासन, भोपाळ’ अशा पत्त्यावर निघालं. किरकोळ. शिपाई भैय्यालाल हसला. माऊस धरता येत नाही, आणि हसतो.

२१ फेब्रुवारी
पसंतीची यादी उघडली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांची पसंती छत्तीसगड. ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती.
उलटं सेड चालवलं तर सगळेच मध्यप्रदेशात जातील. चहा घेऊन विचार करतो.

२२ फेब्रुवारी
बाईंनी फडकं सोडलं. सत्तावीस कागद वाचून सत्तावीस नावं नीट केली. माझा कागद मागितला. म्हणालो, संगणकात आहे. साहेबांनी पाहिलं: छत्तीसगड. ही चूक आहे म्हणालो, तर म्हणाले, आप ही तो बोले थे, मशीन गलती नहीं करती. आत्ता फॉर्म भरतो म्हणालो. मुदत परवाच संपली होती.

५ मार्च
आदेश आला. नीलकंठ, रायपूर, कायम. भोपाळला फोन केला. निवेदिताच्या बाबांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.
रडू आलं. ऑफिसातच, सगळ्यांसमोर. अंजनाबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, काहून रडून राहिला भाऊ? तुझी कमांड तं बरोबरच चालली.
तेवढं खरं आहे. कमांडमध्ये चूक नव्हती.