दारात टांगलेला टायर

१२ ऑगस्ट १९७९

परवा गाडी धानाच्या बांधीत गेली. नागपूरहून येताना, शहापूरच्या अलीकडे, हमरस्त्यावरून सरळ खाली. रोवणी नुकतीच झालेली, चिखल खोल — म्हणून वाचलो. यांच्या कपाळाला खोक पडली. मला काही नाही.

इथे लिहिते, कारण बोलायला कोणी नाही. टायर फुटलेला नाही. यांचे हात स्टेअरिंगवर ताठ झाले, मान वळली, डोळे पांढरे झाले. चैत्रात न्हाणीत झालं होतं तसंच. तेव्हा मी म्हणाले पित्त, आणि हेही म्हणाले पित्त. डॉक्टरकडे कोणी गेलं नाही. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मिरगी हाये, नाकाले चप्पल लाव. मी तेच केलं. तिरक्या उभ्या गाडीत यांच्या पायातली चप्पल काढली आणि नाकाशी धरून बसले.

रोवणीवाल्या बाया धावत आल्या तशी ती सीटखाली ढकलली. यांनी डोळे उघडले. थोडा वेळ आपल्या उघड्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टायर फुटला."

मी म्हणाले, "हो."

१३ ऑगस्ट

वरण खारट झालं. सगळ्यांनी खाल्लं.

१५ ऑगस्ट

ट्रकच्या मागे दोर बांधून गाडी तुमसरला आणली. बसस्टँडजवळ गोमाजीच्या दुकानात उभी आहे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून आमच्या राइस मिलच्या सगळ्या गाड्यांचे टायर त्याच्याचकडे. मूळचा एकोडीचा. धानाची शेती भावावर सोडून इथे पंक्चर काढायला बसला आणि हाताला यश आलं. समोरच्या डाव्या टायरला त्यानेच मागच्या महिन्यात गेटर लावलं होतं. गेटर म्हणजे टायरला आतून लावलेलं ठिगळ, जुन्या टायरच्या तुकड्याचं. मला आता हे सगळं कळायला लागलंय.

गाडीत राहिलेली पिशवी आणायची म्हणून गेले. खरं म्हणजे चप्पल आणायची होती.

गोमाजी म्हणाला, "बाई, टायर तं साबूत हाये. हवाबी हाये. मालक तं म्हणून राहिले फुटला."

मी म्हणाले, फुटला असंच सांगा.

"काहून?"

सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. यांना फीट येते म्हणाले. दिवाळीनंतर ललिताचं साक्षगंध आहे. मुलीच्या बापाला मिरगी आहे हे नागपूरच्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर ते म्हणतील रक्तातच आहे, आणि पोरगी घरात राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गोमाजीने चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "मालक टायर पाहाले येतीन. त्याईले फुटलेला टायर दाखवा लागन." त्याने रबर कापायचा चाकू पाण्यात बुडवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कापून झाल्यावर म्हणाला, "माहं गेटर आजवर उखडलं नाही, बाई." तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं.

चप्पल धुऊन दुसरीच्या शेजारी ठेवली.

१७ ऑगस्ट

हे टायर बघून आले. मी पण गेले होते, दवाखान्यात टाके दाखवून येताना. यांनी टायर मांडीवर घेतला आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग म्हणाले, "उखडलं तुहं गेटर."

"हो मालक. चूक झाली."

"जीव गेला असता."

"हो मालक."

मला वाटलं आता रडू येईल. काही आलं नाही. घरी येऊन भेंड्या चिरल्या.

२१ ऑगस्ट

यांनी तो टायर आणून मिलच्या दारात टांगला. वजनकाट्याच्या आकड्याला. येईल त्या शेतकऱ्याला, अडत्याला, ट्रकवाल्याला दाखवतात. "पाहा, गोमाजीचं काम पाहा. याच्याकडे टायर टाकान तं बांधीत जान." लोक बोट घालून बघतात. माणूस मेलेलं घर बघायला यावं तसे येतात.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर कोण? मीच म्हणायची.

२ सप्टेंबर

मिलमध्ये जेवणाचा डबा नेते तेव्हा त्या टायरखालून जावं लागतं. आज डोकं लागलं.

११ सप्टेंबर

गाडी दुरुस्त होऊन आली. पण हे चालवत नाहीत. म्हणतात, "मनासारखा टायर मिळत नाही तोवर मी स्टेअरिंगले हात लावणार नाही." मुरारीला ड्रायव्हर ठेवलंय. मी देवाजवळ दिवा लावला. यांचा हट्टी स्वभाव एकदाचा कामाला आला म्हणायचा.

१९ सप्टेंबर

भंडाऱ्याला टायरच्या दुकानात गेलो. तिथला माणूस चांगला बोलका. टायरमागून टायर काढतो, उभा करतो, हवेत फिरवतो. हे अंगठ्याने दाबून बघतात, वास घेतात. एक म्हणे दुकानातच दोन पावसाळे खाऊन बसलाय. दुसऱ्याची नक्षी बरोबर नाही. तिसऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं तर म्हणाले रबर रडकं आहे. दुकानदाराने चहा मागवला. हे चहा पिऊन उठले.

परतताना मुरारी म्हणाला, "मालक, तो तिसरा चांगला होता जी."

"तुले काय समजते?"

मला हसू यायला हवं होतं. पूर्वी मी यांची नक्कल करून ललिताला हसवत असे.

दसरा

गावातल्या ड्रायव्हरांची रीत आहे — दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडू बांधायचा आणि रस्त्यावर काढण्याआधी गोमाजीच्या दुकानात नारळ फोडायचा. त्याच्या हाताने चाकाला कुंकू लागलं की वर्षभर टायर दगा देत नाही म्हणतात. दरवर्षी तिथे करवंट्यांचा ढीग असतो.

आज सोनं द्यायला निघाले तेव्हा बसस्टँडवरून गेले. गोमाजी धुतलेलं धोतर नेसून, कुंकवाची वाटी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता. एकच नारळ फुटलेला होता, त्याचा स्वतःचा. मला बघून उभा राहिला. मी आपट्याची पानं त्याच्या हातात दिली. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले.

यांनी मिलच्या दारात पूजा केली. हार सगळ्या गाड्यांना घातले. टांगलेल्या टायरला नाही.

१४ नोव्हेंबर

बाजारात रेवताबाई भेटली, गोमाजीची बायको. माझ्या हातातलं गवारीचं पुडकं स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या मालकाले सांगा ना. टायर तं काढाले लावा. जे झालं ते झालं."

मी म्हणाले, सांगते.

"माह्या मनात येते, याईच्या हातून असं होतच नाही. पण म्हातारा म्हणते झालं. बोलतच नाही पुढं. तुमाले काही मालूम हाये काय?"

म्हणजे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. मी गवारीचा भाव विचारला.

मला लाज वाटते. पण तीही दुरूनच वाटते, शेजारच्या घरात कोणी खोकावं तशी.

२ डिसेंबर

साक्षगंध पार पडलं. नागपूरची माणसं चांगली आहेत. मुलाच्या मामांनी मिल बघितली, टायर बघितला, विचारलं हे काय. यांनी सगळी गोष्ट सांगितली. आता इतकी सराईत सांगतात — टायर कसा धाडकन फुटला, स्टेअरिंग कसं ओढलं गेलं, आपण कसं धरून ठेवलं. मामा म्हणाले, मर्दाचं काम आहे हो. मी लाडूंचं ताट फिरवत होते.

ललिताचं लग्न झालं की सांगेन. यांना नाही, तर निदान चार लोकांत टायर तरी उतरवायला लावीन. हे मी इथे लिहून ठेवते.

९ डिसेंबर

गोमाजीकडे गेले. दुकानात एका सायकलचं पंक्चर. बाकी काही नाही. मी म्हणाले, टायर काढायला लावते, काहीतरी कारण सांगून.

तो म्हणाला, "लगन होऊ द्या, बाई. अर्ध्यात गेटर काढलं तं दोन्हीकडून जाते."

मी बरं म्हणाले. मला बरं म्हणायला सोपं जातं.

६ जानेवारी १९८०

आज हे नागपूरच्या टायरवाल्यावर चिडून आले. म्हणे गिऱ्हाइकाला धड बोलूही देत नाही. टायर घेतलाच नाही. मुरारी गॅरेजमध्ये मला हळूच म्हणाला, "बाई, मालकाले टायर घ्याचाच नाही वाटते."

१० फेब्रुवारी

लग्न झालं. ललिता जाताना रडली. मी कोरडी. बाया म्हणाल्या, आई किती खंबीर.

१८ फेब्रुवारी

आज सांगायचं होतं. पाहुणे होते.

२५ फेब्रुवारी

लेक पहिल्यांदा माहेरी आलीय. ती असताना कसं सांगू.

११ मार्च

बसस्टँडवर गेले. गोमाजीच्या दुकानाची फळी लावलेली. शेजारचा चहावाला म्हणाला, "गेले जी ते. बायकोले घेऊन एकोडीले. गिऱ्हाईकच नाही तं काय करतीन?" जाताना गोमाजीने चाकू, हातोडी, पाना सगळं नेलं, पण कुंकवाची वाटी या चहावाल्याकडे ठेवायला दिली. दसऱ्याला कोणी मागितली तर द्या म्हणाला.

घरी आले. पायरीवर बसले. ऊन होतं. स्वयंपाकाची वेळ झाली तरी उठले नाही. कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि मला रडू आलं. किती दिवसांनी. पदर तोंडात घातला, तरी थांबेना. एका माणसाचं नाव मी माझ्या दारात उलटं टांगू दिलं, आणि लग्न झाल्यावरही महिनाभर पाहुणे, लेक अशी कारणं काढत बसले. उद्या सांगते. यांचं काय व्हायचं ते होवो.

१२ मार्च

हे ओसरीवर सुपारी कातरत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "टायर फुटला नव्हता."

अडकित्ता चालू राहिला.

"टायर फुटल्यावर कोणी नाकाले चप्पल लावते काय, ललिताची माय?" हे म्हणाले. "डोये उघडले तं नाकात चामड्याचा वास. एक पाय उघडा. तुह्या तोंडाकडे पाहिलं अन् म्हटलं, टायर." मग अडकित्ता खाली ठेवून, "चाकूनं कापलेला टायर मी वयखत नाही?"

यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. मिलमध्ये गेले, मुरारीला शिडी लावायला सांगितली आणि टायर उतरवला. सकाळच्या बसने तो घेऊन एकोडीला जाते आहे. हे म्हणाले, मीबी येतो. मी हो म्हणाले नाही.