अक्कांच्या मनगटावरचं पीठ

रविवार, जुन्नर. दिवेलागण.

आज खोटं बोलले, तेही अक्कांशी. माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या मासवडीला गिऱ्हाईक आहे ते त्यांच्या हातामुळं. ओल्या फडक्यावर गरम बेसन थापावं, सारण भरून माशासारखी वडी वळावी ती त्यांनीच. माझी अजून फाटते. तरी रीलमध्ये तोंड माझं, हात त्यांचे, आणि खाली इंग्रजी अक्षरांत हॅशटॅग: #MajhyaHatchiMasvadi.

त्यांच्या मनगटावर गोंदण आहे, माझ्या नाही. हात वेगळे आहेत हे कुणाला कळू नये म्हणून मी म्हणाले होते, "अक्का, मनगटाला पीठ लावा, व्हिडिओत चांगलं दिसतं." त्यांनी लावलं.

आज लई ऑर्डरी आल्या. "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे!" ताई म्हणजे मी. अक्का मोबाईलवर वाकून म्हणाल्या, "खाली काय लिवलंय गं?" इंग्रजी त्यांना येत नाही. मी वाचून दाखवलं, "आमच्या अक्कांच्या हातची मासवडी." किती खूश झाल्या! तेव्हाच बदलायला हवं होतं ना? पण लोक त्याच हॅशटॅगवरून येतात, अशी स्वतःची समजूत घालत बसले.

मघाशी मोरीत गेले तर अक्का पाय घासायच्या वजरीनं मनगट घासत होत्या. कातडी लाल झालेली. ओशाळं हसल्या. "माझ्या नावाचा व्हिडिओ हाय, तर हात तरी चांगला दिसावा. पण गोंदण काय जात न्हाई गं."

वजरी काढून घेतली तेवढी. हॅशटॅग अजून तोच आहे.