बारा महिने, बारा शहरं

२ जानेवारी, रविवार
संकल्प: या वर्षी मुलीकडे जायचंच. फोनवर तिला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, कधीही या. आता ‘कधीही’ हा काही ऋतू नव्हे. एवढा अवाढव्य देश. वर बर्फ, खाली घाम, पूर्वेला पाऊस, मध्ये वाळवंट. अशा ठिकाणी उठून चालू लागणारा माणूस आजारी पडूनच परतायचा. जावयांनी विचारलं, या वेळी नक्की ना? ‘या वेळी’ या शब्दांवर जरा जास्तच जोर होता. दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी
पद्धत ठरली. थर्मासच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो, उगीच नाही. नियम साधा. लॉटमधले बारा नग उचलायचे. एक जरी गळका निघाला तरी अख्खा लॉट रिजेक्ट. तोच नियम त्या देशाला. बारा शहरं निवडली. बाराच्या बारा शहरांत हवा चांगली असेल तरच महिना पास. नवी वही, पट्टी, लाल पेन्सिल. आठवड्याभराचं काम आहे.

१६ जानेवारी, रविवार
मुलीला पद्धत समजावली. ती म्हणाली, पण बाबा, मी एकाच शहरात राहते ना! एका नगावरून लॉट पास करायची ही घाई तिला लहानपणापासून आहे. आईवर गेली आहे.
जानेवारी: चार शहरं गोठलेली. रिजेक्ट.

२० फेब्रुवारी, सकाळी ७
सवयीने दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो. अन्न वाया घालवणं आपल्यात बसत नाही.
फेब्रुवारी: उत्तरेला रस्ते निसरडे. रिजेक्ट. आठवड्याचं काम थोडं लांबलंय, पण घाईत कामाचा विचका होतो.

२७ मार्च, रविवार
अकरा एप्रिलला नात पाच वर्षांची होणार. मुलगी म्हणाली, तेवढ्यासाठी तरी या, तिने तुम्हाला एकदाही पाहिलेलं नाही. मी सांगितलं, एप्रिलमध्ये वाळवंटात धुळीची वादळं असतात. ती म्हणाली, वाळवंट आमच्यापासून दोन हजार किलोमीटरवर आहे. असेल. पण लॉट म्हणजे लॉट.
नातीला छोटा थर्मास पाठवला. स्वतः तपासून. गळत नाही.

१२ एप्रिल
वाढदिवसाचा फोटो आला. नातीच्या समोरचे दोन दात पडलेत. तसे पुढच्या वर्षी सहावा वाढदिवस आहेच.

१९ मे
ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. म्हणाला, काका, सीझन बघू नका, तिकीट बघा. पुढे म्हणाला, काकूंनी बरं एका बैठकीत सगळं ठरवलं होतं. मी पंख्याकडे बघत बसलो.
चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हिने बॅग भरून तयार ठेवली होती. मीच म्हणालो, चार महिने थांबू, तिकडचा उन्हाळा उतरू दे. उन्हाळा उतरला, ही राहिली नाही.
मे: रिजेक्ट. एजंटही रिजेक्ट. फार बोलतो.

२६ जून, रविवार
जून रिजेक्ट. जुलैचंही लक्षण ठीक दिसत नाही.
मात्र अभ्यासाचा उपयोग होतोय. दर रविवारी मुलीला तिच्याच शहराची आठवड्याची हवा सांगतो. बुधवारी छत्री घे, शुक्रवारी उकडेल. आज ती म्हणाली, बाबा, हवा मला खिडकीतूनही दिसते, तुम्ही कसे आहात ते सांगा. बरा आहे म्हणालो. आर्द्रता बासष्ट टक्के म्हणालो. आमच्याकडची नव्हे, त्यांच्याकडची.

७ ऑगस्ट, रविवार
मोठी गंमत. शाळेच्या सहलीला स्वेटर न्यायचा की नाही यावर घरात वाद झाला, तर नात म्हणाली, हवामानवाल्या काकांना फोन लावा! म्हणजे मला. मुलगी हसत हसत सांगत होती. मागून तिने पोरीला सांगितलेलंही ऐकू आलं, अगं, ते आजोबा आहेत.
थोडक्यात, परदेशातही नाव झालंय. अभिमान वाटला.

८ ऑगस्ट
काका म्हणाली.

१८ सप्टेंबर, रविवार
फोन पाच मिनिटांत आटोपला. ‘कधी येताय’ विचारायचं मुलगी विसरली. कामाचा ताण असेल. मीही विषय काढला नाही. उगाच तिला अपराधी वाटायला नको.

१५ ऑक्टोबर
आनंदीआनंद! ऑक्टोबरात अकरा शहरं पास! पेन्सिलीला टोक करून बाराव्याकडे वळलो. किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. पाऊस मर्यादेपेक्षा तीन मिलिमीटर जास्त.
तीनच मिलिमीटर. तिथे आपलं कोणी राहत नाही, आपण जाणार नाही, ते बंदर आपल्या वाटेवरही नाही. तासभर नुसता बसून राहिलो. ही असती तर म्हणाली असती, अहो, त्या बंदराला मारा गोळी आणि उठा.
पण एकदा नियम वाकवला की वाकतच जातो. रिजेक्ट.

१९ नोव्हेंबर
नोव्हेंबरही गेला. उरला डिसेंबर. जाडा स्वेटर शोधायला पलंगाखाली वाकलो आणि हिची बॅग हाती लागली. चार वर्षांत उघडली नव्हती. आज उघडली.
वर माझा जाडा स्वेटर. खाली सुती शर्ट. त्याखाली घडीची छत्री, कानटोपी, उन्हाचा चष्मा, पायमोजे. बर्फ, घाम, पाऊस, वाळवंट, सगळ्याची सोय एका बॅगेत. मी वर्षभर वही भरतोय आणि ही बाई एका दुपारी प्रश्न सोडवून मोकळी झाली होती.
तळाशी एक पिवळा फ्रॉक. एक वर्षाच्या मुलीच्या मापाचा.
लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे. मला हवेची भीती नाही. एकट्याने जाऊन त्या दारात उभं राहायची भीती आहे. मुलगी माझ्या मागे आईला शोधेल, आणि नात विचारेल, हे कोण?
वही बंद. जायचं. डिसेंबर कसाही असो.

२० नोव्हेंबर, रविवार
बॅगेच्या कप्प्यात पासपोर्ट सापडले. दोन्ही एकाच रबरात. एकाच दिवशी काढलेले, एकाच दिवशी मुदत संपलेली. गेल्या मार्चमध्ये. बारा शहरांचा दर दिवसाचा पाऊस मला तोंडपाठ आहे, आणि हे बघितलं नाही.
मुलीला काहीच बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. आता थेट तारीखच सांगू.

२ डिसेंबर
रात्रभर मान मोडून, म्हणजे नऊ वाजेपर्यंत, पासपोर्टचा फॉर्म भरला. एकही खाडाखोड नाही. सकाळी पहिला नंबर माझा. खिडकीतल्या बाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, काका, सगळा फॉर्म लाल पेन्सिलीने भरलाय तुम्ही. काळं पेन हवं. आणि ‘रिजेक्ट’चा शिक्का मारला. सरळ, एका ठोक्यात, शाई जराही न पसरू देता. हाताखाली असत्या तर मी त्यांना बढती दिली असती.
कोरा फॉर्म घेऊन आलो.

४ डिसेंबर, रविवार
आज फोन नातीने उचलला. म्हणाली, काका, आज स्वेटर घालू का?
माझी वही बंद होती. तिथली हवा पाहिली नव्हती. म्हणालो, माहीत नाही गं, बाळा. ती मागे ओरडली, आई, त्यांना माहीत नाही! आणि फोन ठेवून खेळायला गेली. मी हॅलो हॅलो म्हणत राहिलो. लांबून भांड्यांचा आवाज येत होता, मुलगी काहीतरी गुणगुणत होती. आईसारखंच. बराच वेळ कानाला लावून बसलो.
मग फॉर्म काढला. सगळं घर उलटंपालटं केलं, लाल पेन्सिली सात निघाल्या, काळं पेन एक नाही. ही असताना तिच्या पर्समध्ये कायम असायचं.