पट्टा बराबर बसलाय

प्रतिक्षा,

आज दीड महिन्यानं पिकअपला हात लावला. इंजिनाच्या टायमिंग पट्ट्यावरचं झाकण उघडून पाहिलं. तू बसवलेला पट्टा बराबर आहे, एक दातही सरकलेला नाही. तू पुन्हा उघडत बसू नको.

गाडी ओढेना झाली ती माझ्यामुळं. गाडीशेजारी हळद पॉलिश करताना भुकटी इंजिनात जाऊ नये म्हणून मी हवेच्या नळीत फडकं कोंबलं होतं. ते काढायचं विसरलो. तुझ्या आईला दवाखान्यात नेताना चढावर गाडी काळा धूर सोडत थांबली आणि उशीर झाला, तो त्या फडक्यानं. आज ते काढलं, तर गाडी पहिल्यासारखी ओढते.

तिच्या तेरवीला तुझे मामा चारचौघांत म्हणाले, "पोरीच्या हातानं पट्टा बसवल्यावर दुसरं काय व्हणार?" मी खाली मान घालून बसलो. मलाही तसंच वाटत होतं, बाई. तेव्हापासून तू आयटीआयला गेली नाहीस.

मी कुरुंद्याला मामाकडं चाललो. खरं काय ते त्यांच्या तोंडावर सांगून येतो. मी एसटीनं जातो. गाडीची किल्ली या चिठ्ठीवरच ठेवली आहे. हिंगोलीला आयटीआयला गाडी घेऊन जा.

बाबा