नववी म्हातारी

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज द्रागोबेते. प्रेमात पडलेल्यांचा आमचा स्वतःचा सण. दिवस उत्तम गेला, एक किरकोळ गोष्ट सोडून.

किरकोळ गोष्ट अशी. कोपोउ बागेत बाकावर बसलो होतो. मी सवयीने स्मारांदाला लव्ह यू म्हटलं. गेल्या शरद ऋतूपासून म्हणतोच आहे. फोन ठेवताना, ट्राम सुटताना, तिला शिंक आली तरी. आज ती म्हणाली, हे बंद कर. इंग्रजीत काय, टूथपेस्टच्या जाहिरातीतसुद्धा म्हणतात. आपल्या भाषेत म्हण. मी म्हटलं, म्हणतो की, त्यात काय. ती म्हणाली, म्हण मग. मी म्हटलं, इथे? ती म्हणाली, नाही, नगरपालिकेत अर्ज देऊन.

तेवढ्यात मला खोकला आला. खराच आला.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. ती नर्स आहे. जर्मनीतलं एक हॉस्पिटल तिला बोलावतंय, दहा मार्चला हो की नाही ते कळवायचं आहे. म्हणाली, मार्चच्या सुरुवातीचे म्हाताऱ्यांचे दिवस संपेपर्यंत थांबते. ऐकलं तर राहीनच असं नाही म्हणत, लिविउ. पण न ऐकता मात्र इथे राहणार नाही.

दोन शब्द. 'ते युबेस्क', म्हणजे तेच लव्ह यू, आपल्या भाषेत. बस्स.

२५ फेब्रुवारी
सकाळी आरशासमोर सराव. 'ते' सुरेख जमतं. पुढच्या शब्दाला दरवेळी खोकला येतो. घशाची तपासणी करून घ्यावी.

खरं कारण खानदानी आहे. आमच्या क्रायोवाकडच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलेलं नाही. बाबा आईला म्हणतात, आज कोबीचे सरमाले बरे झालेत. आई लाजते. त्यातून तीन मुलं झाली. रेडिओवर गाणी दिवसभर ते शब्द ओरडत असतात, पण ते रेडिओवर. माणसाच्या तोंडून ऐकले की कुणीतरी अत्यवस्थ असल्यासारखं वाटतं.

तरी घाबरण्याचा प्रश्नच नाही. भरल्या वर्गात प्राध्यापकाला, तुम्हालाच हे गणित येत नाही, असं सुनावून ज्याने दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगवर लाथ मारली, तो दोन शब्दांना भिणार? (गणित त्यांना येत होतं, हे नंतर कळलं. मुद्दा तो नाही.)

२७ फेब्रुवारी
म्हातारी निवडली. घरमालकीण अग्लाया मावशी दरवर्षी सगळ्यांना निवडायला लावते. मार्चचे पहिले नऊ दिवस म्हणजे नऊ म्हाताऱ्या. आपण एक धरायची. त्या दिवशी जशी हवा, तसं आपलं वर्ष. मी पहिलीच धरली. थांबायचं कशाला? एक मार्चला मार्तिशोर द्यायचंच असतं. लाल-पांढऱ्या दोऱ्यातला तो गोंडा तिच्या हातात ठेवायचा आणि त्याच श्वासात दोन शब्द. योजना निर्दोष आहे.

रात्रभर स्वप्नात कुणीतरी माझं नाव पुकारत होतं आणि मी गैरहजर होतो.

१ मार्च
हवा: बर्फ आणि चिखल. योजनेत थोडा बदल.

पहाटेच मार्तिशोर विकत घेतली होती. आमच्याकडे पुरुषाने ओळखीच्या प्रत्येक बाईला द्यायचं असतं. ट्रामच्या थांब्यावर स्मारांदा भेटली. मी हात पुढे करणार तोच तिनेच माझ्या तळहातावर एक मार्तिशोर ठेवलं. दोऱ्याची विणलेली चिमुकली पाकोळी. तिने स्वतः केलेली. मी चक्रावलो. बाई पुरुषाला देते? म्हटलं, हिच्याकडे एक उरलं असेल, कुणाला तरी दे म्हणत असेल. व्यवहारी मुलगी आहे. मी तिला माझं दिलं. ती माझ्याकडे बघत थांबली. मी तोंड उघडलं. ट्राम आली.

घरी आलो तर मावशीचा वाटा पावाच्या दुकानातल्या पोरीला देऊन बसलो होतो. मग ती पाकोळीच मावशीला दिली. मावशी लालबुंद झाली, माझे दोन्ही गाल चुंबले आणि पाकोळी कोटावर टाचली. एका दगडात दोन पक्षी. माझं डोकं अशा वेळी भलतंच चालतं.

२ मार्च
मी काम करतो त्या टायरच्या दुकानात सोबतच्या पोम्पिलिउने विचारलं, काय रे पातखाऊ, तुझ्या छातीवर मार्तिशोर नाही? तुझ्या बयेने दिलं नाही वाटतं? (आम्ही क्रायोवाकडचे, म्हणजे ओल्तेनियाचे लोक कांद्याची पात फार खातो असा इकडच्यांचा समज आहे. खातो, पण तो आमचा प्रश्न आहे.)

म्हटलं, पुरुष कधी लावतात का?

तो म्हणाला, अरे गाढवा, हे मोल्दोवा आहे, तुझं क्रायोवा नाही. इकडे पोरीच पोरांना देतात. पोराने ते महिनाभर छातीवर मिरवायचं. न लावलं तर पोरगी समजते, याचं दुसरीकडे जुळलंय.

हातातला पाना पायावर पडला. पाय सुजलाय. बरं झालं, दुखायला दुसरं काहीतरी मिळालं.

३ मार्च
मावशीकडे पाकोळी परत मागितली. अत्यंत मुत्सद्दीपणे, धुवून देतो म्हणालो. मावशी म्हणाली, बाळा, माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत मला साधी पिन दिली नाही, आणि हे मी काढू? आता हे माझ्याबरोबर वर जाईल. आणि हो, उद्या मी बीपी तपासायला दवाखान्यात जातेय.

कुठल्या दवाखान्यात ते विचारलं नाही. या वस्तीत एकच आहे. आणि बीपी घेणारी नर्सही एकच.

रात्रीचा मक्याचा पोलेंता कडू लागला.

४ मार्च
दिवसभर फोनकडे बघितलं नाही. म्हणजे फक्त फोनकडेच बघितलं.

संध्याकाळी वाजला. स्मारांदा शांत होती. तिचं शांत असणं म्हणजे बर्फाखालची नदी. म्हणाली, तुझ्या मावशींचं बीपी बरंच वाढलंय. छातीवर पाकोळी घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या भाडेकरूने दिली, किती गोड पोरगा. मी विचारलं, मग काय सांगितलंस त्यांना? ती म्हणाली, मीठ कमी करा.

खुलासा तयार होता. क्रायोवाची परंपरा, मोल्दोवाची परंपरा, दोन्हींतला भेद, सगळं मुद्देसूद. पण सवयीने तोंडातून निघालं, लव्ह यू.

फोन ठेवला तिने. मी नाही.

५ मार्च
म्हातारी बदलली. आता नववी. मावशी संतापली. म्हातारी म्हणजे काय मोजे आहेत, रोज बदलायला? एकदा धरली की धरली! मीही चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, माझं वर्ष, माझी म्हातारी! मग घाबरून तिचं सरपण वर आणून दिलं.

नऊ तारीख निवडण्यात डाव आहे. शेवटचा दिवस, माघारीला जागाच नाही. सेनापती पूल जाळतात तसं.

६ मार्च
दुकानात उन्हाळी टायर बसवायची गर्दी. मागच्या बाजूला एका टायरसमोर बसून दोन्ही शब्द म्हटले. सलग! स्पष्ट! मागे गिऱ्हाईक उभं होतं. म्हणालं, तुम्हाला ठेवून घ्यायचा असेल तर मी दुसरा बघतो.

महत्त्वाचं हे की जमलं. टायरसमोर जमलं तर कुठेही जमेल.

८ मार्च
महिला दिन. स्मारांदाच्या इमारतीपाशी फुलं घेऊन गेलो. विषम आकड्यातच, समसंख्येत मयताला देतात हे मला कळतं. आज नुसती माफी मागायची होती, मुख्य हल्ला उद्या. दारात हात घंटीवर ठेवला. हात परत आला. पुन्हा ठेवला. तेवढ्यात दार उघडून तिचे वडील, कोस्ताके काका, सतरंजी झटकायला बाहेर आले. ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. पंजे असे, की ब्रेक लागायचाच.

मी फुलं त्यांच्या हातात कोंबली आणि म्हटलं, महिला दिनाच्या शुभेच्छा.

काकांनी सतरंजी खांद्यावर टाकली, फुलं नीट धरली आणि म्हणाले, पोचल्या. बाईसाहेब ड्यूटीवर आहेत. उद्या ये, चाळीस हुतात्म्यांचा दिवस आहे. वाइन घरची आहे. आणि पोरा, श्वास घे.

९ मार्च, सकाळ
ऊन! लख्ख! माझी म्हातारी हसते आहे. वर्ष माझं. धीर यावा म्हणून एकच ग्लास घेईन, जास्त नाही. हात अगदी स्थिर. पेन दोनदाच पडलं.

१० मार्च, दुपार
डोकं दुखतंय. कोस्ताके काकांनी फोनवर सांगितलं त्यावरून ही नोंद.

चाळीस हुतात्म्यांच्या दिवशी पुरुषाने चाळीस ग्लास प्यायचे असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. काल कसं विसरलो कळत नाही. काका म्हणाले, तू आकड्याला जागलास, माझी हरकत नाही. मधाचे पाव तू एकट्याने संपवलेस, त्यालाही नाही. पण तू मला ते युबेस्क म्हणालास. तीनदा. डोळ्यांत पाणी आणून. मग बायकोला म्हणालास. मग भिंतीला कान लावून शेजाऱ्याला म्हणालास, त्यानेही पलीकडून उत्तर दिलं, भला माणूस आहे. सगळं आपल्या भाषेत, शुद्ध, खणखणीत. माझी पोरगी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ऐकत होती. मग ती उठून तुझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी विचारलं, मग?

काका म्हणाले, मग तू पांढराफटक पडलास, बाल्कनीत गेलास आणि आतून कुणाला येता येऊ नये म्हणून दार पाठीने दाबून धरलंस. लोणच्याच्या बरण्यांमध्ये. ती ड्यूटीला निघून गेली तरी तू दार सोडेनास. मीच सांगितलं, बाबा रे, गेली ती, ये आत.

काकांच्या फोननंतर अर्ध्या तासाने स्मारांदाचाच फोन आला. रागावलेली नव्हती. हेच जास्त भयंकर. म्हणाली, सकाळी जर्मनीला होकार कळवला. ईस्टर झालं की निघेन. मग म्हणाली, ते युबेस्क, लिविउ. बघ, म्हटलं मी. कोणी मेलं नाही.

आता माझी पाळी होती. ती वाट बघत होती, श्वास ऐकू येत होता. मी सगळं बळ एकवटलं आणि म्हटलं, तिकडे थंडी असते, जाड मोजे ने.

ती हसली की रडली, ते फोनवर ओळखू आलं नाही.

१० मार्च, संध्याकाळ
विचार केल्यावर सगळं स्वच्छ दिसतंय. चूक माझी नाही, भाषेची आहे. आपल्या भाषेत हे शब्द फार जड आहेत. जर्मन शिकायची आणि तिच्यामागे जायचं. परक्या भाषेत माणूस मोकळा होतो. लगेच क्लासला फोन केला. बाई प्रेमळ वाटल्या. सोमवारपासून वर्ग. मी विचारलं, ते एक वाक्य कितव्या धड्यात येतं?

बाई म्हणाल्या, कुठलं वाक्य?

म्हटलं, सोमवारी सांगतो.